अठ्ठ्याऐंशी तास

सोमवार, १० मार्च २०२५

नरसिंहमूर्तींनी नकाशातलं दार पुन्हा हलवलं. तिसऱ्यांदा. कल्याणमंटपाच्या, म्हणजे लग्नाच्या हॉलच्या, स्वयंपाकघराचं दार आग्नेयेलाच पाहिजे असं आता कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय. शनिवारी नक्की कळवतो म्हणाले. कळवा बापडे. मंटप त्यांचा, कृष्णराजनगरातली जागा त्यांची, भाताची गिरणी त्यांची. मी आपली तो बांधायच्या आधी कसा दिसेल ते दाखवणारी.

२८ तारखेला, शुक्रवारी सकाळी नऊला, ते आणि त्यांचे दोघे भाऊ पाळीपाळीनं डोळ्यांना व्हीआरचा चष्मा लावणार आणि न बांधलेल्या मंटपात फिरून येणार. बेंगळूरची एक कंपनीही त्याच दिवशी दाखवणार आहे. ज्यांचं पसंत पडेल त्यांना पुढचं वर्षभराचं काम. मला मिळालं तर मी मैसूरात राहीन. नाही मिळालं तर एक एप्रिलला पुन्हा बेंगळूर, तेच हाफिस, तीच खुर्ची. जानेवारीत सोडून आले तेव्हा साहेब म्हणाले होते, खुर्ची मार्चअखेरपर्यंत ठेवतो हं भव्या. हसून म्हणाले. ते हसणं मला अजून टोचतंय.

अडचण आहे कॉम्प्युटरची. कुठल्या खिडकीतून किती ऊन येतं, ते फरशीवरून उडून भिंतीवर किती जातं, ही सगळी आकडेमोड प्रोसेसर एका दमात करतो. मध्ये बंद पडला तर केलेलं सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून. प्रोसेसरच्या कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगानं, म्हणजे ३.३ गिगाहर्ट्झवर, एकशेवीस तास लागतात. पाच दिवस. तोच वेग साडेचारपर्यंत चढवला तर अठ्ठ्याऐंशी. वाचलेल्या सव्वा दिवसात मला चुका दुरुस्त करता येतील. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पोरं खेळासाठी करतात, मी पोटासाठी करते.

दार नक्की होईपर्यंत पाच दिवस हातात आहेत. तेवढ्यात यंत्र साडेचारवर न पडता पळालं पाहिजे. एवढंच.

मंगळवार, ११ मार्च

हाव धरून थेट ४.६ लावला आणि यंत्र अडकून पडलं. निळा पडदा. पुन्हा चालू केलं, पुन्हा निळा पडदा. प्रोसेसरला व्होल्टेज थोडं वाढवून दिलं तर वीस मिनिटं टिकला आणि मग निळा पडदा. आज त्या निळ्या रंगाचं मी इतक्यांदा तोंड बघितलंय की उद्या त्या रंगाची साडी नेसून कुणी आलं तर मी दार लावून घेईन.

वर तो यूपीएस. वेग चढवल्यापासून भार झेपत नाही म्हणून कीं कीं ओरडायला लागला. डोकं उठवलं त्यानं. काढून ठेवला कोपऱ्यात, तार थेट भिंतीत. आता शांतता आहे.

गुरुवार, १३ मार्च

४.५ वर आणला. मेमरीचा वेग मीच वाढवून ठेवला होता, तो मूळचा केला. निळा पडदा गेला. पण नक्की कशानं गेला ते सांगता येत नाही, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या. हे मी जेवताना सहज बोलले आणि अण्णांना ते लगेच पटलं, म्हणजे माझा गाढवपणा पटला.

"शिलाईचं मशीन टाका सोडायला लागलं," ते म्हणाले, "तर मी सुई पण बदलतो, दोरा पण बदलतो, ताण पण फिरवतो, असं करतो काय? एका वेळी एक. नाही तर काय बिघडलं होतं तेच कळत नाही गे."

अण्णा, म्हणजे माझे वडील वासुदेवराव, लष्कर मोहल्ल्यातले शिंपी. खाली दुकान, मागे घर, वर माझी खोली. पन्नास वर्षं एकाच टेबलावर कापलंय त्यांनी. त्याच टेबलावर इस्त्री, आणि त्या इस्त्रीची वाफ जिन्यानं सरळ माझ्या खोलीत. कटकट आहे. त्यातून इस्त्रीची वेळ रोज वेगळी. राहुकाळात, म्हणजे रोज वेगळ्या वेळी येणाऱ्या अशुभ दीड तासात, नव्या कापडाला कात्री लावायची नाही हा आमच्या घरातला नियम, आजोबांच्याही आधीपासूनचा. मग ते दीड तास टेबल रिकामं कशाला ठेवायचं म्हणून तेव्हा इस्त्री. इस्त्री म्हणजे सुरुवात नव्हे, चालू काम. त्यामुळे आज जेवणानंतर वर गरम, उद्या सकाळी गरम, मंगळवारी चहाच्या वेळी गरम. आधीच मार्च आहे, प्रोसेसर ८९ डिग्रीला जातोय, आणि ही वाफ.

संध्याकाळी पाचला कसोटीचा प्रोग्राम लावला. तो प्रोसेसरला पूर्ण पिळतो.

शुक्रवार, १४ मार्च

संध्याकाळी पाच ते सकाळी आठ. पंधरा तास. पास. आईला उचलून गोल फिरवली. ती म्हणाली, "सोड गे, कंबर मोडेल. लग्न ठरल्यासारखं काय करतेस."

शनिवार, १५ मार्च

दार आग्नेयेलाच. कळलं सकाळी पावणेनऊला. सव्वानऊला मी खरी आकडेमोड लावली. आईचं सुरू झालं, "राहुकाळ लागलाय, साडेदहानंतर लाव." मी म्हटलं, प्रोसेसरला पंचांग वाचता येत नाही. मुद्दाम लावलं.

नऊ पन्नासला बंद पडलं. निळा पडदासुद्धा नाही. झपकन काळं आणि आपोआप पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही.

आईनं घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. 

अकराला पुन्हा लावलं.

सोमवार, १७ मार्च

पंचेचाळीस तास पळालं. काल दुकान बंद, घर शांत, मी दोनदा वर जाऊन नुसती बघत उभी राहिले. आज सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी झपकन. पंचेचाळीस तास पाण्यात.

मी खाली येऊन पायरीवर बसले. अण्णा इस्त्री करत होते, त्यांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. 

नोंद: व्होल्टेज १.३३ होतं, १.३५ केलं. फक्त हेच बदललं. एका वेळी एक.

मंगळवार, १८ मार्च

दुपारी तीन चाळीसला झपकन.

प्रोसेसरवरचा पंखा काढला. खालचा उष्णता वाहून नेणारा लेप वाळून खपली झाला होता. सगळा पुसून नवा लावला. आता ८२ डिग्री, म्हणजे सात डिग्रीनं उतरलं. हे बरं झालं, पण यामुळं बंद पडत होतं असं मला मनापासून वाटत नाही. तरी लिहून ठेवते.

जिन्यात पांढऱ्या कापडाचे गठ्ठे आलेत. वर चढायला जागा नाही. आई म्हणाली अण्णांना एका नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या आयांचे तीस ड्रेस शिवून द्यायचेत, युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी. ज्याची त्याची युगादी. मी गठ्ठे सरकवून वर गेले.

बुधवार, १९ मार्च

दुपारी बारा पन्नासला झपकन. व्होल्टेज १.३६. देवा, काय चुकतंय माझं ते तरी सांग.

शुक्रवार, २१ मार्च

काल दुपारी चारपासून आज सकाळी नऊपर्यंत कसोटी लावली. सतरा तास. एकही चूक नाही. सव्वानऊला खरी आकडेमोड लावली. दहा चाळीसला झपकन.

कसोटीत पास आणि कामात नापास. असली माणसं हाफिसात बघितली होती, यंत्र पहिल्यांदाच बघते.

मग जे व्हायला नको होतं ते झालं. मी बंद पडायच्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. ते कॅलेंडर खाली असतं, दुकानात. अण्णा चष्मा नाकावर ओढून ते वाचत उभे होते. म्हणाले, "भव्या, शनिवारी साडेनऊ ते दहा. सोमवारी आठ. मंगळवारी पावणेचार. बुधवारी एक. आज पावणेअकरा. सगळा राहुकाळ आहे गे."

मी म्हटलं, "अण्णा, पुरे."

"मी सांगत नाही, तूच लिहिलंयस की."

"म्हणजे आता राहू येऊन माझा प्लग काढतो?"

"काय करतो ते मला ठाऊक नाही. तेव्हा होतंय एवढं दिसतंय."

मी ओरडले. गिऱ्हाईक बसलं होतं, त्याच्यासमोर ओरडले. म्हटलं, तुम्ही लोकांनी असल्याच वेळा बघत बघत हा मोहल्ला सोडून कधी बाहेर पाऊल टाकलं नाही, आता मला पण इथंच गाडा. हे बोलायचं नव्हतं. तोंडातून गेलं ते गेलं. अण्णा "बरं" म्हणाले आणि इस्त्री उचलली. ते नेहमी "बरं"च म्हणतात. भांडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आई वर आली. "मूळच्या वेगानं लाव की. पाच दिवस तर पाच दिवस. उद्या सकाळी लावलंस तर गुरुवारी होतंय."

हिशोब बरोबर आहे तिचा. खरं तर तो मी कालच केला होता. पण मग चुका सुधारायला वेळ राहात नाही. आणि खरं लिहायचं तर हे कारण नाही. अकरा दिवस झगडून मूळच्या वेगावर परत जायचं म्हणजे बेंगळूरला परत जाण्यासारखंच वाटतं. मी म्हटलं, "तुला कळत नाही त्यातलं." ती गेली.

रविवार, २३ मार्च

शनिवारी दुपारी बाराला लावलं. आज संध्याकाळी पाचला झपकन. एकोणतीस तास. युगादी जवळ आली म्हणून आज दुकान उघडं होतं, खाली मशीन, कात्री, इस्त्री सगळं चालू, आणि मी वर डोकं धरून.

आता शुक्रवारपर्यंत एकशेवीस तास उरलेच नाहीत. आईचा रस्ता बंद झाला. मीच बंद केला. आता साडेचारवर अठ्ठ्याऐंशी तास, नाही तर काही नाही.

पॉवर सप्लायवर संशय आहे. जुना आहे. व्यासराज म्हणून एक ओळखीचा दुकानदार आहे, त्याला फोन केला. म्हणाला, ह्या मापाचा बेंगळूरहून मागवावा लागेल, गुरुवारी येईल. गुरुवारी येऊन काय माझं श्राद्ध घालणार?

जेवणानंतर पुन्हा लावलं. दुसरं करणार काय.

सोमवार, २४ मार्च

सापडलं.

सकाळी कॉफी घेऊन मी दुकानात उभी होते. वर जायचा धीर होत नव्हता. साडेसात झाले, अण्णांनी टेबलावरची कापडं सरकवली, मोठी वाफेची इस्त्री भिंतीत लावली. ट्यूबलाइट क्षणभर मिणमिणली. एवढंच. रोजच मिणमिणते. लहानपणापासून बघते, आमच्या घरात इस्त्री लावली की दिवा डोळा मारतो. वर कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज चालू होता. मग इस्त्री तापून टक् झाली, थोड्या वेळानं पुन्हा टक्, पुन्हा दिवा मिणमिणला. तीन-चार वेळा. आठला असाच एकदा मिणमिणला आणि वरचा पंखा थांबला.

मी कप टेबलावर ठेवला. म्हटलं, "अण्णा, इस्त्री काढा." काढली. वर जाऊन कसोटी लावली, खाली येऊन म्हटलं, "लावा." दहा मिनिटांत वर झपकन. पुन्हा तेच करून बघितलं. पुन्हा झपकन. मग वेग मूळचा केला, इस्त्री लावली: काही नाही, शांत पळतंय. पुन्हा साडेचार: झपकन.

माझ्या खोलीची तार दुकानाच्याच तारेवरून नेलीय. दोन हजार वॅटची इस्त्री ओढायला लागली की सगळ्या घराचं व्होल्टेज बसतं. मूळच्या वेगात यंत्र तेवढं सोसतं. साडेचारवर त्याला स्वतःलाच इतकं लागतं की सोसत नाही. आणि जो यूपीएस हे सांभाळायचा तो ओरडतो म्हणून मीच कोपऱ्यात टाकला. तोही आता लावून उपयोग नाही, एवढा भार त्याला झेपत नाही. कसोट्या पास होत होत्या कारण त्या मी संध्याकाळी लावायची. इस्त्री तेव्हा नसते. इस्त्री असते राहुकाळात.

म्हणजे अण्णा बरोबर होते आणि बरोबर नव्हते. वेळा त्यांच्या खऱ्या, कारण माझं खरं. पण मी त्यांना बोलले ते तसंच राहिलं. माफी मागायला हवी होती. मी काय केलं, तर घड्याळ बघितलं. चौदा दिवस एक गाढव शोधत होते, ते आमच्याच टेबलावर उभं. राग सगळा तिथंच निघाला.

"शुक्रवारी पहाटेपर्यंत ही इस्त्री लावायची नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही. अण्णा, एकदा लागली तरी माझं संपलं. मला एप्रिलमध्ये जावं लागेल."

अण्णांनी इस्त्रीची तार गुंडाळली. अगदी सावकाश, मोजमापाची टेप गुंडाळतात तशी. म्हणाले, "बरं."

इलेक्ट्रिशियन युगादीनंतर येतो म्हणाला.

नोंद: ९.३२ ला सुरू.

मंगळवार, २५ मार्च

तीस तास झाले. काही नाही. शांत. ८१ डिग्री.

दुपारी साडेतीनला खालून कात्रीचा आवाज आला, करकर करकर, जाड कापडाचा. मंगळवारी साडेतीन म्हणजे राहुकाळ. अण्णांना हल्ली वेळेचं भान राहात नाही की काय. सत्तरी आली. आईला सांगायला पाहिजे.

बुधवार, २६ मार्च

बावन्न तास. मी आज हॉलमधल्या दिव्यांचे रंग ठरवले, नरसिंहमूर्तींना काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. कन्नडमध्ये. कन्नडमध्ये मी जास्त शहाणी वाटते.

अण्णा दुपारी जेवायला अडीचला आले. आईनं भाकरी त्यांच्यापुढं अशी आपटली की ताट वाजलं. मी विचारलं काय झालं, तर दोघंही म्हणाले काही नाही. ह्या घरात दोघांचं एकमत फक्त अशा वेळी होतं.

गुरुवार, २७ मार्च

सत्तर तास सकाळी झाले. बारीक नाचले.

पावणेदोनला पुन्हा कात्री. आज मी खाली गेले. गुरुवार, दीड ते तीन राहुकाळ. म्हटलं सांगावं त्यांना वेळ चुकतेय म्हणून.

अण्णा कापत होते. खडूच्या खुणा केलेलं पांढरं कापड, चार पदरी, आणि कात्री चालू. टेबलाच्या कडेला न इस्त्री केलेल्या ड्रेसची चळत, शिवून झालेले, सुरकुतलेले. मी म्हटलं, "अण्णा, राहुकाळ आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

कात्री थांबली नाही. "उद्या साडेदहाच्या आत तीस ड्रेस द्यायचेत. इस्त्री उद्या पहाटेच करायला मिळणार. तीसची इस्त्री म्हणजे पाच तास. मग आज रात्रीपर्यंत कापणं-शिवणं सगळं संपायला पाहिजे नव्हं? ह्या दीड तासात पण हात चालला तरच होतंय."

तीन दिवस. मंगळवारपासून. आणि मी आईला सांगणार होते की त्यांना वेळ कळत नाही.

 मी म्हटलं, "तुम्हाला चालतं हे?"

तेव्हा त्यांनी कात्री ठेवली. टेबलाखालून एक कापड काढून दाखवलं. फिक्या पिवळ्या रंगाचं, सदऱ्याचं, त्यांच्या मापाचं. त्याला तीन ठिकाणी कात्री मारलेली होती, वेडीवाकडी, कशाच्याच उपयोगाची नाही.

"राहुकाळात सुरुवात करायची नाही," ते म्हणाले. "सुरुवात मी ह्याच्यावर करतो. रोज एक कात्री. हे माझं कापड, माझ्या अंगाचं. गिऱ्हाईकाचं त्यानंतर, म्हणजे चालू काम. वाईट काय यायचं ते ह्याच्यावर येईल. त्या बायका रोज आजाऱ्यांत उभ्या राहतात, त्यांच्या कापडाला कशाला."

आई आतून ऐकत होती. म्हणाली, "युगादीचा सदरा होता तो. मी आणलेला." एवढंच बोलून आत गेली.

मी म्हणायला हवं होतं की थांबा, लावा इस्त्री, जाऊ दे माझं. मनात आलं. अगदी ओठांपर्यंत आलं. बारा तास राहिले होते, शहात्तर झाले होते. मी म्हटलं नाही. मी वर आले. हे लिहिताना मला माझी लाज वाटते आणि तरी मी पंख्याचा आवाज ऐकतेय, थांबत तर नाही ना.

शुक्रवार, २८ मार्च

पहाटे साडेचारला वर गेले. झालं होतं. चष्मा लावून मंटपात उभी राहिले. पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन येऊन फरशीवर पडलं होतं आणि फरशीचा लालसरपणा खांबांच्या पायाशी चढला होता, जसा खऱ्या ठिकाणी चढतो. एक डाग नाही. आग्नेयेच्या दारातून आतपर्यंत जाऊन आले. मी बांधलं नव्हतं काही, तरी माझंच वाटलं.

खाली जाऊन अण्णांना एवढंच म्हटलं, "आता लावा इस्त्री." ते रात्रीपासून कपडे बदलून बसलेलेच होते. त्यांनी काही विचारलं नाही. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाला आमच्याकडं मागून काही विचारत नाहीत, अपशकुन म्हणतात. मी पहिल्या बसनं कृष्णराजनगरला गेले.

नरसिंहमूर्ती चष्मा लावून हात पुढं करून चालले, खांब चाचपडत. हसले. "छान केलंयस अम्मा," म्हणाले. धाकट्या भावानं पण बघितलं. मधल्यानं बघितलं. मग बेंगळूरवाल्यांचं बघितलं. मग तिघं आत गेले आणि साडेदहाच्या आत बाहेर आले. दोघा भावांना बेंगळूरवाल्यांचं आवडलं. मी विचारलं, माझ्यात काय कमी होतं, सांगितलंत तर पुढं उपयोग होईल. नरसिंहमूर्ती खरंच विचार करून म्हणाले, "कमी काही नाही अम्मा. त्यांना ते आवडलं." दोन आठवडे मी प्रत्येक झपक्याचं कारण शोधलं आणि सापडलं. ह्याचं नाही. बसमध्ये खिडकीकडं तोंड करून रडले, पुरेपूर.

घरी आले तर टेबल रिकामं. तीस ड्रेस वेळेवर गेले. अण्णा स्टुलावर बसले होते, हात मांडीवर.

"काय झालं?"

"दुसऱ्यांना दिलं."

त्यांनी टेबलाखाली बघितलं. मग म्हणाले, "माझ्यामुळं. तीन दिवस राहुकाळात कात्री लावली मी. माझ्यावर येईल म्हटलं होतं. तुझ्यावर आलं."

"तसं काही नसतं अण्णा."

"असतं गे. वेळा तूच लिहिल्या होत्यास. बरोबर निघाल्या की नाही?"

  मी काय सांगणार होते? की कारण नाही म्हणून? त्यांना कारण होतं, तिथंच, टेबलाखाली घडी घालून ठेवलेलं. उरलेलं सगळं आयुष्य ते तेच धरून बसले असते, आणि मी बेंगळूरहून दर रविवारी फोनवर तसं नव्हे हो म्हणत राहिले असते.

मी म्हटलं, "अण्णा, रात्री एकला बंद पडलं ते."

त्यांनी वर बघितलं.

"रात्री एकला. म्हणून तर पहाटे म्हटलं इस्त्री लावा. राहिलंच नव्हतं काही. अर्धवट घेऊन गेले. भिंतींवर डाग, अंधार. कोण घेणार ते?"

"एकला?" ते म्हणाले. "इस्त्री तर नव्हती."

"नव्हती. राहुकाळ पण नव्हता. माझंच चुकलं. वेग जास्त चढवला. आई म्हणत होती मूळच्या वेगानं लाव, ऐकलं नाही."

ते हिशोब करत होते. एक वाजता इस्त्री गार, राहुकाळ नाही, कात्री नाही. कुठूनही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. ते असं म्हणणार हे ठाऊक होतं, म्हणून मी तसंच शोधून काढलं होतं, बसमधून उतरल्यापासून घरापर्यंत चालताना.

"हावरटपणा केलास," ते शेवटी म्हणाले.

"केला."

"यंत्र आहे. त्याला सोसेल तेवढंच मागायचं." मग आत हाक मारली, "कमलाक्षी, पोरगी आलीय, वाढ. मलाही वाढ." सकाळपासून जेवले नव्हते म्हणे. आज दोनदा भात घेतला त्यांनी.

साहेबांना मेसेज केला, मंगळवारी येते.

नोंद: सोमवार ९.३२ ते शुक्रवार १.३२. अठ्ठ्याऐंशी तास. एकदाही बंद पडलं नाही.